निशिकासाईचे दाइम्यो

जपान एकत्र करायला सगळ्यात सोयीची वेळ म्हणजे रात्री साडेदहानंतरची. मुलगी झोपलेली असते. भांडी घासून झालेली असतात. ती दाइम्योच घासतात, एवढं त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवतो. शेजारच्या आजींचा टीव्ही बंद झालेला असतो. आणि पूर्वेकडून इमागावा योशिमोतो पंचवीस हजारांची फौज घेऊन ओवारी प्रांताच्या हद्दीत शिरलेला असतो. साल १५६०. आपल्याकडे माणसं दोन-तीन हजार. आभाळ भरून आलेलं. अशा ऐन घटकेला आतल्या खोलीतून "झोपायचंय का आज?" असा आवाज येतो. या प्रकाराला इतिहासात फितुरी म्हणतात, असं दाइम्योंचं मत आहे. ते मत त्यांनी अजून मोठ्याने मांडलेलं नाही.

दाइम्यो मूळचे कराडचे. टोकियोत एका बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळतात आणि एदोगावा वॉर्डातल्या निशिकासाईला राहतात. इथे आपली माणसं इतकी, की कढीपत्ता मिळतो का हे कोणी विचारत नाही, कुठल्या दुकानात ताजा आलाय एवढंच विचारतात. 'दाइम्यो' हे नाव आमच्या टोळक्याने दिलेलं. जुन्या जपानात आपापला मुलूख राखून असलेल्या सरदाराला दाइम्यो म्हणत आणि सगळ्यांना नमवून वर बसलेल्याला शोगुन. त्यांची इच्छा अर्थातच शोगुन म्हणवून घ्यायची. आमची ना नाही. पण त्यासाठी एकदा तरी खेळ शेवटपर्यंत न्यावा लागतो, आणि तिथेच घोडं पेंड खातं.

खेळ म्हणजे 'नोबुनागा नो याबो', ओवारीच्या ओदा नोबुनागा या सरदाराची महत्त्वाकांक्षा. पंधराव्या-सोळाव्या शतकात जपानात शंभरेक वर्षं जो तो सरदार शेजाऱ्याच्या उरावर बसत होता, त्या सेंगोकू काळातला. आपण एक घराणं निवडायचं, नकाशावर त्याचा रंग पसरवत न्यायचा, आणि देश एकरंगी झाला की जिंकलो. कोएई या कंपनीने १९८३ मध्ये तो पहिल्यांदा काढला तेव्हा नकाशावर मधल्या जपानचे फक्त सतरा प्रांत होते. कंपनी आशिकागा गावातली. योइची एरिकावा यांच्या घरचा धंदा रंगांचा, कपडे रंगवायच्या रंगांचा, आणि तोही बसत चाललेला. १९८० मध्ये केइको यांनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, नवऱ्याला वाढदिवसाला एक संगणक भेट दिला. गृहस्थ आधी त्यावर धंद्याची कामं करायचे, मग खेळ लिहायला लागले, आणि तेही 'को शिबुसावा' या टोपणनावाने. ज्या उद्योगपतीवरून हे आडनाव उचललं ते शिबुसावा एइइची आता दहा हजार येनच्या नोटेवर आहेत. दाइम्यो ती नोट मोडताना जरा घुटमळतात.

संगणक भेट दिल्याची ही हकीकत ते वहिनींना दरवर्षी सांगतात. बरोबर स्वतःच्या वाढदिवसाच्या आधी महिनाभर.

"त्यांनी त्याच्यावर कंपनी काढली," वहिनी म्हणतात. "तू काय काढलंस? चष्म्याचा नवा नंबर."

हा खेळ पाठीमागे उभं राहून बघणाऱ्याची घोर निराशा होते. तलवारी कमी, तांदूळ जास्त. पाटबंधारे करा, बाजारपेठ वसवा, सारा किती ठेवायचा ते ठरवा. जास्त ठेवला तर गावं उठतात, कमी ठेवला तर शिपाई उपाशी. पूर आला की केलेलं वाहून जातं. रात्री एक वाजता अत्यंत चिंताक्रांत चेहऱ्याने नदीला बांध घालताना मी दाइम्योंना पाहिलं आहे. कराडला वडिलांच्या शेतात हाच माणूस लग्नाआधी कधीतरी गेला होता, तोही फोटो काढायला.

सगळा हिशेब कोकूत. एक कोकू म्हणजे साधारण १८० लिटर तांदूळ, एका माणसाची वर्षाची बेगमी. सरदाराची पत त्याच्या मुलखात किती कोकू पिकतो यावरून ठरायची. सोळाव्या शतकाच्या अखेरीस नोबुनागानंतर देश हाताखाली आणणाऱ्या हिदेयोशीने देशभरची जमीन मोजून घेतली तेव्हा बेरीज एक कोटी ऐंशी लाखांच्या वर गेली. दाइम्योंच्या डोक्यात हे माप असं मुरलं आहे की पगारवाढीचं पत्र आलं की ते आधी तांदळाचा भाव बघतात. मध्यंतरी, २०२४-२५ मध्ये, जपानात तांदळाचा भाव दुपटीला जाऊन भिडला. सगळं टोकियो महागाईने कळवळत होतं. दाइम्यो मात्र वेगळ्याच दुःखात होते. पगार तेवढाच, पण कोकूच्या मापाने निम्मा. अर्धा मुलूख बसल्या जागी गेला, आणि लढाई नाही, तह नाही, काही नाही.

रसदीशिवाय ते पाऊल उचलत नाहीत. याचं मूळ मात्र जपानी नाही, अस्सल मराठी आहे. पानिपत ज्याने शाळेत वाचलं त्याला फौज उपाशी ठेवायची छाती होत नाही. शत्रूने कितीही डिवचलं तरी कोठारात भात आल्याखेरीज दाइम्यो किल्ल्याबाहेर पडत नाहीत. घरातही तेच. दोन दिवस कुठे जायचं तरी बॅगेत दशम्या, मेतकूट, लसणाची चटणी.

"अरे, इथे प्रत्येक वळणावर खाण्याचं दुकान आहे," वहिनी सांगून थकल्या.

"भाऊंनाही कोणीतरी असंच सांगितलं असणार," दाइम्यो म्हणाले आणि भाजणीचा डबा बॅगेत कोंबला.

इथवर ठीक आहे. हे सगळं त्यांच्या घरातलं. आम्हा बाकीच्यांना होणारा उपद्रव पुढचा. खेळातल्या प्रत्येक सरदाराला गुण दिलेले असतात: नेतृत्व, शौर्य, बुद्धी, कारभार, प्रत्येकी शंभराच्या हिशेबाने. हे कोष्टक बघत जन्म गेल्यावर जित्याजागत्या माणसांकडेही तसंच बघायची खोड लागते. गणपतीच्या कामांचं वाटप करायला आम्ही जमलो की दाइम्यो कोपऱ्यात बसून मनातल्या मनात सगळ्यांचे आकडे लावत असतात. मोदकांची जबाबदारी कोणाकडे द्यायची यावर आम्ही तासभर घोळ घातला, तर यांचा शेरा असा: "शौर्य नव्वद, कारभार बावीस. हिला ढोल दे, हिशेब नको." तो शेरा बरोबर होता, हेच वाईट. माझी बुद्धी एकाहत्तर आणि कारभार अडतीस आहे. हे त्यांनी मला चारचौघांत, तोंडावर सांगितलं. माणसं सांभाळण्यात त्यांना स्वतःला किती द्यायचे ते वाचकांनी ठरवावं.

गुणांखेरीज आणखी एक आकडा असतो, निष्ठेचा. तो घसरला की सरदार शत्रूला जाऊन मिळतो. मग त्याला खूष करायला बक्षीस द्यायचं, आणि त्या काळात प्रांताइतकंच मोलाचं बक्षीस म्हणजे चहाचं भांडं. हे खेळवाल्यांनी रचलेलं नाही. ताकिगावा काझुमासु नावाच्या सरदाराला नोबुनागाने अख्खा प्रांत दिला तर तो हिरमुसला, कारण त्याच्या मनात एक चहाची बरणी भरली होती, अशी कथा सांगतात. मात्सुनागा हिसाहिदेची गोष्ट त्याहून पुढची. त्याच्याकडे 'हिरागुमो' नावाची चहाच्या पाण्याची नामांकित किटली होती. १५७७ मध्ये तो किल्ल्यात कोंडला गेला, पण नोबुनागाला हवी असलेली ती किटली त्याने दिली नाही, आणि स्वतःबरोबर तिचाही निकाल लावला म्हणतात.

वहिनींच्या ओट्यावर आज किटल्यांची रांग आहे. बिडाची, तांब्याची, चिनी मातीची, एक शिट्टीवाली. घरात खडाजंगी झाली की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दाइम्यो एक खोकं घेऊन येतात. यामागची पद्धत वहिनींना फार उशिरा कळली. तोवर त्यांचा समज होता की नवऱ्याला चहाची आवड आहे.

मुलगीही सुटलेली नाही. ती पहिल्यांदा शाळेतल्या मैत्रिणीकडे रात्री राहायला निघाली तेव्हा दाइम्योंनी गंभीरपणे विचारलं, "आणि त्यांच्याकडून कोण येणार?" पुढे शोगुन झालेला तोकुगावा इएयासू लहानपणी इमागावांकडे ओलीस होता. ओलिसांची देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी असली की तह टिकतो, असं त्यांचं म्हणणं. मैत्रीण पुढच्या आठवड्यात आली, शिरा खाऊन गेली, आणि दोन्ही घरांत आजतागायत शांतता आहे.

जपानात इतकी वर्षं काढूनही दाइम्योंना जपान माहीत आहे ते साडेचारशे वर्षांपूर्वीचं. शिंजुकू स्टेशनात त्यांना सोडलं तर बाहेर पडायचं दार सापडत नाही. पण मिनोतून ओमीत फौज न्यायला कुठली खिंड धरावी हे झोपेतही सांगतील. आजचे प्रांत, म्हणजे शिझुओका, यामानाशी, निइगाता, त्यांच्या लेखी भाडेकरूंची नावं आहेत. मालक सुरुगा, काई, एचिगो. त्यांची जपानी भाषाही तशीच. वेढा, शरणागती, मांडलिक, युद्धबंदी, रसद तोडणे हे शब्द कांजीसकट येतात. 'याच्यापेक्षा एक साइझ मोठा बूट आहे का?' हे विचारायला वहिनी लागतात. वॉर्ड ऑफिस, दवाखाना, शाळेतली पालकसभा, कचऱ्याचं वेळापत्रक, हा सगळा मुलूख वहिनींनी आल्या-आल्या वर्षभरात काबीज केला.

त्यांच्या ऑफिसात एक सहकारी निइगाताचा आहे. ओळख होताच दाइम्यो अर्धवट उठून उभे राहिले. एचिगो! उएसुगी केन्शिनचा मुलूख! त्या बिचाऱ्याला केन्शिन हे नाव शाळेनंतर पहिल्यांदाच कानावर पडलं असावं. तो म्हणाला, आमच्याकडे तांदूळ चांगला होतो. पुढे वर्षभराने नवे साहेब बदलून आले ते यामानाशीचे, म्हणजे काईचे, म्हणजे ताकेदा शिंगेनच्या गावचे. केन्शिन आणि शिंगेन १५५३ ते १५६४ च्या दरम्यान कावानाकाजिमाच्या मैदानात पाच वेळा एकमेकांना भिडले, आणि पाचही वेळा निकाल धड लागला नाही. वर्षअखेरच्या पार्टीत बसायची व्यवस्था दाइम्योंकडे होती. त्यांनी या दोघांना हॉलच्या दोन टोकांना बसवलं आणि मध्ये हिशेब खात्याची माणसं तटबंदीसारखी पेरली. दोघंही पार्टीभर जरा खट्टू होते. ते दर रविवारी एकत्र गोल्फ खेळतात हे दाइम्योंना सोमवारी कळलं.

दाइम्यो हे एकटेच नमुना आहेत असं मात्र नाही. ही जात जगभर पसरली आहे. इंग्लंडात हॉर्शम नावाच्या गावी क्रिएटिव्ह असेंब्ली ही कंपनी आहे. तिने २००० मध्ये 'शोगुन: टोटल वॉर' काढला आणि २०११ मध्ये त्याचा दुसरा अवतार. त्यात बंधारे कमी आणि लढाया डोळ्यांदेखत. टेकडीच्या आडून घोडदळ सोडायचं, धनुर्धारी झाडीत लपवायचे, आपली माणसं पळाली की सल्लागार त्यांची जाहीर लाज काढणार. दाइम्यो दोन्ही खेळतात. कारभार जपानी, मारामारी विलायती.

या मंडळींचा स्वभाव ओळखायला पत्रिका लागत नाही. घराणं कोणतं निवडलं ते विचारा. शिमाझु निवडणारा सावध. हे घराणं क्युशूच्या दक्षिण टोकाला. पाठीशी समुद्र, शत्रू एकाच बाजूने येणार. असा माणूस हॉटेलात कोपऱ्यातलं टेबल मागतो आणि तिशीत निवृत्तीची तजवीज सुरू करतो. ताकेदा निवडणाऱ्याला घोडदळाचं वेड. त्याच्याकडे मोटारसायकल असते, हप्ते शिल्लक असतात. उएसुगीवाला तत्त्वाचा माणूस, सकाळी सहाला सुविचार पाठवणार. शत्रूचं मीठ तोडलं गेलं तेव्हा केन्शिनने शिंगेनला मीठ पाठवलं, ही दंतकथा तो दर भेटीत सांगतो. ओदा निवडणारा माणूस चारी बाजूंनी शत्रू आणि हाताशी स्वस्तातले भालेवाले शिपाई घेऊन हसत उभा राहतो; ऑफिसातही बुडत चाललेलं काम तो स्वतःहून मागून घेतो आणि आपल्याला बरोबर ओढतो. तोकुगावा सहसा कोणी निवडत नाही. जो निवडतो त्याच्याकडे उसने पैसे मागू नयेत. तो नाही म्हणणार नाही, पण विसरणारही नाही.

दाइम्यो कोणाचे हे सांगायला नको. ओदा, ओदा आणि पुन्हा ओदा. नोबुनागाने जकातनाकी तोडली, बाजार खुले केले, बंदुका मोठ्या प्रमाणावर वापरल्या. हे बोलताना त्यांचा आवाज घरच्या कर्तबगार काकाबद्दल बोलावं तसा होतो. त्याने हिएइ डोंगरावरची मठ-मंदिरं १५७१ मध्ये माणसांसकट जाळली, हा विषय निघाला की त्यांना पाणी प्यायला जायचं असतं. इएयासू त्यांना मुळीच चालत नाही. "नुसता बसून राहिला. सगळे मरेपर्यंत बसून राहिला." हे खोटं नाही. १६०३ मध्ये शोगुन झाला तेव्हा इएयासू साठीचा होता, आणि मग त्याच्या घराण्याने अडीचशे वर्षांहून जास्त काळ कोणाला जागचं हलू दिलं नाही. वहिनींचा आवडता तोच. "बसून राहिला, पण घर झालं ना?" त्या म्हणतात. हे वाक्य बोलताना त्यांची नजर दिवाणखान्यातल्या फळ्यांच्या मांडणीकडे जाते. ती मांडणी दाइम्योंनी जोडायला घेतली होती. तिला तीन फळ्या आहेत आणि चौथी भिंतीला टेकून उभी आहे.

तर, घोडं पेंड खातं ते इथे. दाइम्योंनी आजवर असंख्य वेळा जपान एकत्र करायला घेतलं आणि एकदाही केलेलं नाही. 'शोगुन २' मध्ये आपली कीर्ती एका मर्यादेपलीकडे गेली की क्योतोतला शोगुन आपल्याला देशाचा शत्रू ठरवतो आणि कालपर्यंत सोयरीक जोडणारे सरदार एका दमात उलटतात. हे होणार हे खेळणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं, आणि झालं की प्रत्येक जण अन्याय झाल्यासारखा ओरडतो. दाइम्यो ओरडत नाहीत. ते संगणक बंद करतात, पाणी पितात आणि दुसऱ्या रात्री नवा डाव मांडतात. कोएईच्या खेळात उलटा त्रास. दोन-तृतीयांश देश आपला झाला की उरलेले सरदार काही करू शकत नाहीत. आता फक्त एकेक किल्ला घेत जायचं, वसुलीच्या कारकुनासारखं. तिथेही नवा डाव. अडचण वाढली म्हणून सोडतात आणि अडचण संपली म्हणूनही सोडतात.

त्यांच्या संगणकावरची जपून ठेवलेल्या डावांची यादी मी पाहिली आहे. 'ओवारी नवीन'. 'ओवारी नवीन पक्कं'. 'ओवारी शेवटचं'. 'ओवारी शेवटचं खरं'. 'ओवारी दिवाळी'. प्रत्येक डाव १५७५ ते १५८० च्या मध्ये कुठेतरी थांबलेला. जपानी भाषेच्या परीक्षेचं त्यांचं पुस्तकही असंच दोन-तृतीयांशावर थांबलेलं आहे; खूण म्हणून आत गिफूच्या किल्ल्याचं तिकीट.

नोबुनागाचंही अपुरंच राहिलं, असं ते म्हणतात. राहिलं. पण त्याला सबळ कारण होतं. १५८२ च्या जूनमध्ये क्योतोच्या होन्नोजी मठात तो थोड्या माणसांनिशी उतरला असताना त्याचाच सरदार आकेची मित्सुहिदे फौज घेऊन पहाटे दारात उभा राहिला. दाइम्योंच्या दारात आजवर पहाटे कोणी आलेलं नाही. रात्री अवेळी एकदा बेल वाजली होती, ती खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी: घोड्यांचा आवाज कमी करा.

सुट्टीतही दाइम्यो मोहिमेवरच असतात. ओकेहाझामाची लढाई नेमकी कुठे झाली यावर तोयोआके शहर आणि नागोयाचा मिदोरी वॉर्ड यांचा दावा आहे. दोघांनी आपापलं रणांगण जपून ठेवलंय. दाइम्यो दोन्ही ठिकाणी जाऊन नतमस्तक झाले, उगाच कोणाला दुखवा कशाला. गिफू स्टेशनाबाहेर नोबुनागाचा सोनेरी पुतळा उभा आहे, हातात बंदूक. त्याच्यासमोर त्यांनी मुलीला उन्हात इतका वेळ उभं केलं की तिने त्या घराण्याशी असलेले संबंध तोडले.

सेकिगाहाराला मात्र मीही गेलो होतो. इएयासूने १६०० च्या ऑक्टोबरमध्ये जिथे सगळ्याचा निकाल लावला ते हे खोरं. दोन्ही बाजू मिळून दीड लाखाच्या आसपास माणूस, सकाळच्या धुक्यात सुरुवात आणि दुपार कलेपर्यंत सगळं संपलेलं. थंडीचे दिवस होते. या पट्ट्यात बर्फ पडलं की शिंकान्सेनलाही वेग कमी करावा लागतो. तशी घोषणा झाली. डब्यातले बाकीचे लोक घड्याळ बघायला लागले. दाइम्यो खूष. "बघ, अजून अडवतंय!" त्यासाठी आम्ही नागोयाला उतरून साध्या गाडीने जायचं सोडून तिच्यातच पुढे माइबाराला गेलो आणि तिथून साध्या गाडीने उलट आलो, हे वेगळं.

इशिदा मित्सुनारीचा तळ सासाओ नावाच्या टेकडीवर होता. पायथ्याला लाकडी कुंपण उभारलंय, वर जायला पायऱ्या आहेत. वर एक जपानी आजोबा भेटले. गळ्यात ओळखपत्र, हातात घडी घातलेला नकाशा, येणाऱ्याजाणाऱ्यांना माहिती सांगणारे. दाइम्योंनी त्यांना बोलूच दिलं नाही. समोरच्या मात्सुओ डोंगराकडे बोट करून त्यांनी नुसती नामं फेकायला सुरुवात केली. कोबायाकावा हिदेआकी. पंधरा हजार. दुपार. फितुरी. क्रियापदं त्यांच्याकडे नव्हतीच. आजोबा थक्क. हे कुठे शिकलात, असं त्यांनी विचारलं. दाइम्यो जरा ओशाळले आणि खरं ते म्हणाले: खेळात.

आजोबांचा चेहरा गंभीर झाला. त्यांनी डावीउजवीकडे पाहिलं, दोन पावलं जवळ आले, आणि खालच्या आवाजात विचारलं, "कितवा?"

यानंतर आम्ही उरलो नाही. आजोबा १९८३ च्या पहिल्या खेळापासूनचे, कॅसेटवर यायचा तेव्हाचे. दोघं त्या गार पायरीवर बसले ते उठेचनात. कोकू, वेढा, बांध, बंड. नामं संपली की वहिनींना हाका. वहिनी मध्ये उभ्या राहून दुभाष्याचं काम करत होत्या: "हे म्हणतायत, दुसऱ्या वर्षी सारा वाढवू नकोस. हे म्हणतायत, तू पावसाची वाट फार बघतोस." दाइम्यो प्रत्येक वाक्याला मान झुकवत होते. ऑफिसातल्या साहेबांपुढे ही मान इतकी वाकलेली मी पाहिलेली नाही. मुलीने समोरच्या डोंगराकडे बघत मला विचारलं, तो फितूर झाला तेव्हा किती वर्षांचा होता. अठराच्या आसपास, मी म्हणालो. "मग त्याला कशाला बोलतात सगळे?" ती म्हणाली. सेकिगाहारावर इतकं शहाणं वाक्य मी अजून कुठे वाचलेलं नाही.

मग वहिनींनी आजोबांना स्वतःच्या मनाने एक प्रश्न विचारला. आजोबा हसले, काहीतरी लांबलचक बोलले. हा मजकूर काही त्यांनी दाइम्योंना मराठीत करून सांगितला नाही. परतीच्या गाडीत दाइम्यो दशमी खाऊन झोपल्यावर मी विचारलं.

"मी विचारलं, हा खेळ संपतो कधी?"

"मग?"

"म्हणाले, हा प्रश्न माझ्या बायकोने त्र्याऐंशी साली विचारला होता. त्यांनी एकदाच शेवट बघितलाय म्हणे. दोन मिनिटांचा होता. मग पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं."

सध्या दाइम्योंनी चोसोकाबे घराणं घेतलंय. शिकोकू बेट, तोसा प्रांत, नामी तिरंदाज. या वेळी शेवटपर्यंत नेणार, असं ते म्हणतात, आणि डावाला नाव दिलंय 'तोसा नवीन'.

तुमच्याही ओळखीत असा कोणी असेलच. त्याच्याकडे काम काढायचं असेल तर एक अनुभवाचा सल्ला देतो. फोन हिवाळ्यात करा. बाहेरच्या नव्हे, खेळातल्या. 'शोगुन २' मध्ये बर्फाच्या दिवसांत परमुलखात फौज ठेवली तर माणसं गळतात, म्हणून हे लोक तेवढा वेळ किल्ल्यात बसून असतात आणि चारचौघांसारखे बोलतात. वसंत लागला असेल तर फोन सरळ वहिनींना करावा.